नियम सतरावा

विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
दुपारचा पत्रा तापून कडकड बोलतो
तेव्हा मी मशीनला व्याकरण शिकवत असते.

चित्र एकही काढत नाही. नुसती वाक्यं.
एक: हालचाल म्हणजे कर्ता आणि क्रियापद.
दोन: कर्ता म्हणजे धड, मान, आणि पाय लागतील तितके.
पाच: चालणे म्हणजे पाऊल, आणि मग पुन्हा चालणे.
(पाचव्याला थांब म्हणायचं राहिलं होतं पहिल्यांदा.
बकरी पडद्याबाहेर निघून गेली,
रात्रभर डब्यातला पंखा घरघरत होता,
सकाळी हिशोब पाहिला तर सहा लाख पावलं.
गुलबर्ग्याच्याही पुढं असेल ती आता.)

वाक्य टाइप करावं, बटण दाबावं,
वाक्य उठून चालू लागतं.

नायना मागं उभा राहून बघतो.
एकतीस वर्षं त्यानं जकार्डची कार्डं पंच केली,
साखर पेठेत, एका बोळातल्या माडीवर.
भोक असेल तर धागा वर. नसेल तर खाली.
एवढ्या दोन शब्दांत त्यानं मोर विणवले,
कमळं, ताजमहाल, आणि एकदा
कुणा पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख.
शेवटचं कार्ड पहिल्याला शिवायचं,
म्हणजे मोर संपत नाही,
चादर संपते.

"तुझ्यात पोगु तुटला तर?" त्यानं विचारलं.
"धागाच नाही, तुटेल काय?"
"तुटतो," म्हणाला, आणि चहा फुंकत बसला.

मग मीच खुर्ची दिली. लिही तू एक.
तेलुगू शाळेतला माणूस,
देवनागरी एसटीच्या पाट्यांवरून शिकलेला.
एका बोटानं म शोधला, मात्रा शोधली,
र सापडेपर्यंत चहा निवला.
"मोर आली."

याच 'आली'वरून मला वर्ग हसला होता.
आमच्या तेलुगूत बाई येते, बस येते, ऊन येतं,
सगळं एकाच प्रत्ययाला धरून येतं,
मोरही त्यातच.
चौथीत वाळिंबे बाईंनी फळ्यावर मोर काढून
त्याला मिशा काढल्या होत्या, माझ्यासाठी खास.

माझा हात दुरुस्तीला पुढं गेला.
पण मशीन अडलं नाही.
नियम सतरावा, आळसात लिहिलेला:
लिंग कर्त्याला विचारू नये, क्रियापदाला विचारावे.
त्यानं 'आली'ला विचारलं,
पिसारा फक्त पुल्लिंगी, हे बाविसाव्यात पाहिलं,
आणि आली.

मातकट. आखूड शेपटीची.
मान पुढंमागं करत, जराशी घाईत,
सुपात विड्या झाकून कारखान्याला निघालेल्या बाईसारखी.
मी ही काढली नव्हती. लिहिलीही नव्हती.
दोन नियमांच्या फटीतून तिची ती निघाली.

नायनाचं नाक पडद्याला टेकायचं बाकी.
"ही आपल्या कार्डावर कधी नव्हती," म्हणाला.
"कुणी मागितलीच नाही.
किती धागा वाचला असता."

पुन्हा बोट उचललं.
मी हसलेली त्यानं पाहिली असावी,
कारण या खेपेला जपून, मुद्दाम 'ला' लावून:
"दाणे पडला."

एकच पडला.
आवाजाचा नियम मी अजून लिहिलेला नाही,
तरी दोघांनाही टप् ऐकू आलं. पत्रा असेल.
ती वळली. पाऊल, आणि मग पुन्हा चालणे.
दाण्यापाशी थांबली, आता थांबते,
टिपला, मान वर केली.

खाल्ल्यानंतरचं माझ्याकडं काहीच नाही.
ती तशीच उभी, मान वर,
आमच्याकडं बघतेय किंवा कुठंच नाही.

नायना 'द' शोधतोय.